खेळातले आप्तवाक्य

कुंभाराकडून मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो. आंबा हुंगून घेतो, कापडाचा पोत चिमटीत धरून पाहतो, आणि पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या चार पाने चाळल्याखेरीज खिशात हात घालीत नाही. परंतु बाजारात अशाही काही वस्तू असतात की ज्यांचा गुण विकत घेण्यापूर्वी कळण्याचा मार्गच नसतो. व्हिडिओ गेम ही अशी वस्तू होय. प्लॅस्टिकच्या डबीत बंद असलेला खेळ, डबीवर एखादे भडक चित्र आणि पाठीमागे चार ओळींची आत्मस्तुती, एवढ्या भांडवलावर गिऱ्हाइकाने निर्णय करावयाचा. खेळ घरी न्यावा, टेलिव्हिजनला जोडलेल्या यंत्रात बसवावा, दोन-तीन संध्याकाळी त्यात घालवाव्या, तेव्हा कोठे तो जातिवंत आहे की नुसता रंगीत आहे हे कळावयाचे. आणि तोवर पैसे तर गेलेलेच असतात. हे पैसे पुष्कळदा लहान मुलांचे, वाढदिवसाला मिळालेले किंवा वर्षभर जमवलेले असतात, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अशा गिऱ्हाइकाला आधार एकच. त्याच्या आधी जो तो खेळ खेळला आहे, त्याचा शब्द. आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला ‘शब्द’ हे चौथे प्रमाण मानले. मात्र वाटेल त्याचा शब्द नव्हे, आप्ताचा. ज्याला वस्तूचे ज्ञान आहे आणि जे आहे ते तसेच सांगण्यावाचून ज्याचा दुसरा हेतू नाही, तो आप्त. मराठीत आप्त हा शब्द आपण सोयऱ्याधायऱ्यांना लावतो, आणि विचार केला तर हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नाहीत. ज्याच्या सांगण्यावर विसंबून आपण गाठीचे पैसे मोडतो, तो त्या क्षणापुरता तरी आपला आप्तच झालेला असतो.

व्हिडिओ गेमचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या साली कोणते यंत्र निघाले, त्यात रंग किती, वेग किती, खप किती, अशी ती एक वंशावळ असते. आज मला त्याच इतिहासाकडे दुसऱ्या बाजूने पाहावयाचे आहे. या व्यवसायाची मोठी वळणे तपासली, तर तेथे यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा शब्दाची पत अधिक निर्णायक ठरलेली दिसते. हा शब्द दोन प्रकारचा आहे. ‘हा खेळ मी खेळलो, तूही खेळ’ हा एक, आणि ‘नवे यंत्र येते आहे, थोडा थांब’ हा दुसरा. पहिला अनुभवाचा, दुसरा आशेचा. या दोन शब्दांनी कोणाला तारले व कोणाला बुडवले, ते क्रमाने पाहू.

आरंभी या खेळांना बाजार नव्हता. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला. ज्या पीडीपी-१ संगणकावर तो चाले, त्याची किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर होती; अर्थात खेळ विकण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तो एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात पोहोचला. एकाने पाहिला, दुसऱ्याला सांगितले, तिसऱ्याने उतरवून घेतला. जाहिरात नव्हती, किंमत नव्हती, नफा नव्हता. होता तो केवळ खेळलेल्याचा शब्द.

दहा वर्षांनी, १९७२ साली, कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावी अँडी कॅप्स नावाच्या मद्यगृहात ‘पाँग’ हे यंत्र ठेवण्यात आले. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी नुकतीच स्थापलेली अटारी कंपनी आणि तिचा तरुण अभियंता ॲलन अल्कॉर्न यांची ही करणी. थोड्याच दिवसांत यंत्र बिघडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न जाऊन पाहतो तो बिघाड कसला तो नव्हताच. नाण्यांचे पात्र ओसंडून भरल्यामुळे यंत्र अडले होते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सार्वजनिक ठिकाणच्या यंत्रात एक नाणे टाकून खेळ पारखता येत होता. मडके वाजवून पाहण्याची सोय तेथे होती. ती गेली, ती खेळ घरात आल्यानंतर.

तो घरात आणला १९७७ साली, १९९ डॉलर किमतीच्या अटारीच्या व्हीसीएस या यंत्राने. ज्याला आज सर्वत्र कन्सोल म्हणतात, त्या जातीचे हे यंत्र. त्याची तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइटांची, म्हणजे या भाषणातील एखादे लांबलचक वाक्यही तिच्यात मावले नसते. खेळ मात्र वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कार्ट्रिजांत, विकत मिळत. यंत्र एक आणि खेळ अनेक, अशी ही रचना. तीन वर्षे त्याचा खप बेताचाच होता. १९८० साली जपानचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ त्या यंत्रासाठी निघाला आणि विक्री कित्येक पटींनी वाढली. या खेळाची पारख लोकांनी आधीच, नाणी टाकून टाकून, सार्वजनिक यंत्रांवर केलेली होती. तो घरी खेळता यावा एवढ्यासाठी त्यांनी यंत्र घेतले. अनुभवाचा शब्द पुढे गेला, यंत्र त्याच्या मागून गेले.

याच सुमारास या शब्दाला आणखी दोन आधार मिळाले. अटारी आपल्या खेळांवर कर्त्याचे नाव घालीत नसे. त्या अन्यायाला कंटाळून बाहेर पडलेल्या चौघा कारागिरांनी एका व्यवसायकुशल सहकाऱ्यासह १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि खेळाबरोबर खेळ रचणाऱ्याचे नाव छापले. त्यामुळे ‘अमक्याचा खेळ आहे, म्हणजे चांगलाच असणार’ असे म्हणण्याची सोय झाली. ग्रंथकर्त्याच्या नावावर ग्रंथ विकत घ्यावा तसे. याच कंपनीचा दुसरा उपक्रम गमतीचा होता. खेळात ठरावीक गुण मिळवणाऱ्याने टेलिव्हिजनच्या पडद्याचे छायाचित्र टपालाने पाठवावे, कंपनीने त्याला भरतकाम केलेला कापडी बिल्ला पाठवावा. कोटावर तो बिल्ला लावून शाळेत जाणाऱ्या मुलाचा शब्द वर्गात कसा ऐकला जात असेल, याची कल्पना सहज करता येते. १९८१ साली अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि इंग्लंडमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही नियतकालिके निघाली, आणि परीक्षणाची प्रथा पडली.

इतके असूनही अवघ्या दोन वर्षांत हा डोलारा कोसळला. १९८२ च्या वसंतात अटारीने ‘पॅकमॅन’ घरच्या यंत्रासाठी काढला. हा खेळ अमेरिकेच्या पोराबाळांना तोंडपाठ होता; साहजिकच तो लाखांनी खपला. परंतु घरी आणलेल्या खेळातली भुते लुकलुकत होती, रंग उतरलेले होते आणि आवाज निराळाच होता. नाव तेच होते, वस्तू ती नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरील खेळ आला. नाताळ गाठण्यासाठी तो हॉवर्ड स्कॉट वॉर्शा या एकट्या माणसाकडून अवघ्या पाच आठवड्यांत करवून घेतला होता. ज्या माणसाने त्याच यंत्रावर पूर्वी उत्तम खेळ रचले होते, त्याच्याकडूनच इतक्या घाईत काम करवून घ्यावे, यात दोष कारागिराचा म्हणता येणार नाही. मुले खेळली, खड्ड्यांत पडत राहिली आणि शाळेत जाऊन जे सांगावयाचे ते त्यांनी सांगितले. शिवाय या धंद्यात पैसा आहे असे पाहून कोणीही उठावे आणि खेळ काढावा असे झाले होते, व त्यांतील बरेच खेळ केवळ कचरा होते.

१९८२ च्या डिसेंबरात अटारीने अपेक्षेहून कमी नफ्याचा इशारा दिला आणि तिची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीच्या भागांची किंमत एका दिवसात सुमारे एक-तृतीयांशाने घसरली. दुकानदारांनी उरलेला माल कवडीमोलाने काढला. सुमारे तीनशे वीस कोटी डॉलरांचा अमेरिकन धंदा १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास आला. कित्येक कंपन्या बुडाल्या, हजारो लोकांची नोकरी गेली. १९८३ साली न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतील आलामागॉर्डो गावाच्या कचराभूमीत पुरण्यात आला. पुढे तीस वर्षे ही दंतकथा मानली जात होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथे उत्खनन झाले आणि सुमारे तेराशे डब्या वर निघाल्या. इतिहासकाराला असा पुरावा क्वचितच मिळतो. या पतनाला इतरही कारणे होती: मालाचा अतिरेक, स्वस्त होत चाललेले घरगुती संगणक, किमतींची चढाओढ. तथापि सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. डबीवरील शब्दाची पत गेली होती, आणि एकदा पत गेली की चांगला मालही त्याच भावाने तोलला जातो.

अमेरिकेत हे घडत असताना, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये निन्टेंडोने फॅमिकॉम हे यंत्र विक्रीस काढले. ही कंपनी १८८९ साली क्योतो येथे पत्ते करण्यासाठी स्थापन झालेली, म्हणजे खेळाच्या धंद्यात मुरलेली. दोन वर्षांनी तेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत नेण्याची वेळ आली, तेव्हा दुकानदार व्हिडिओ गेमचे नाव काढू देत नव्हते. निन्टेंडोने न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली. यंत्रात एक कुलूपवजा चिप बसवली, जेणेकरून परवान्यावाचून कोणाचा खेळ त्यावर चालू नये. एका कंपनीने वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढू नयेत असे बंधन घातले, आणि डबीवर आपली सोनेरी मोहोर उमटवली. १९८८ साली ‘निन्टेंडो पॉवर’ हे मासिक सुरू केले. खेळात अडलेल्या मुलाने दूरध्वनी करावा आणि पगारी सल्लागाराने त्याला वाट दाखवावी, अशीही व्यवस्था केली.

या सर्व योजनेने धंदा पुन्हा उभा राहिला, हे निर्विवाद. परंतु येथे आप्ताच्या व्याख्येकडे वळून पाहावे. मोहोर ज्याची, नफाही त्याचाच. मासिक ज्याचे, मालही त्याचाच. त्या सल्लागारांना ज्ञान होते यात शंका नाही. पण निःस्वार्थता हा जो आप्तत्वाचा दुसरा अर्धा भाग, तो तेथे असणे शक्य नव्हते. मोहोर एवढेच सांगत होती की हा खेळ या यंत्रावर चालेल. तो खेळण्याजोगा आहे की नाही हे सांगणारा अजूनही शेजारच्या बाकावरचा मुलगाच होता.

जपानमध्ये मात्र याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. शिफारस आणि सल्ला ही खेळाच्या बाहेरची वस्तू न राहता खेळाच्या आतच येऊन बसली. १९८४ साली नामको कंपनीसाठी मासानोबू एन्दो याने ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ हा खेळ रचला. साठ मजल्यांचा मनोरा चढावयाचा, मजल्यामजल्यावर पेटी दडलेली, आणि ती कशाने प्रकट होते याची खेळात सूचना जवळजवळ नाही. एकट्याने आयुष्य घालवले तरी हा मनोरा सर होणे कठीण. मग खेळघरांतून वह्या दिसू लागल्या. ज्याला जे सापडले ते त्याने वहीत लिहावे, दुसऱ्याने वाचावे, पारखावे आणि पुढचे लिहावे. लिहिणाऱ्याला ना मोबदला, ना कीर्ती. त्या वह्यांना या इतिहासात एखाद्या बखरीइतके मोल आहे, असे मी समजतो. १९८६ साली शिगेरू मियामोतो यांनी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ रचला, तोही मुलांनी एकमेकांना विचारावे, एकमेकांना सांगावे, असा हेतू धरून.

नियतकालिकांचाही तेथे सुकाळ झाला. १९८५ साली निघालेल्या एका मासिकात खेळांतील गुप्त युक्त्यांची यादी छापली जाई आणि तिच्यात एखादी युक्ती मुद्दाम खोटी घातलेली असे. ती वाचकांनी स्वतः खेळून शोधून काढावयाची. छापलेल्या शब्दावरही डोळे मिटून विसंबू नये, हा धडा देण्याची याहून खेळकर रीत मला ठाऊक नाही. १९८६ साली सुरू झालेल्या ‘फॅमित्सू’ने परीक्षणाची निराळी पद्धत रूढ केली. एकाच खेळाला चार परीक्षकांनी प्रत्येकी दहांपैकी गुण द्यावयाचे, आणि चौघांची मते शेजारी शेजारी छापावयाची. एका साक्षीदारापेक्षा चार साक्षीदार बरे, हे न्यायालयाचे तत्त्व येथे आले. चाळीसांपैकी चाळीस गुण प्रथम मिळाले ते १९९८ साली, झेल्डा मालिकेतीलच ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळाला. म्हणजे बारा वर्षे त्या परीक्षकांनी पूर्ण गुणांची पेटी बंद ठेवली होती.

शब्दाला बळ आले की त्याचा गैरफायदा घेणारेही पुढे येतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ १९८६ च्या मे महिन्यात निघाला. त्याचा कर्ता युजी होरी हा मुलांच्या एका लोकप्रिय साप्ताहिकात लिहीत असे, आणि आपल्या खेळाची ओळख त्याने त्याच पानांतून करून दिली. हा काही निःस्वार्थ शब्द नव्हे. पण मुलांनी तो पडताळून पाहिला, खरा ठरवला आणि आपला म्हणून पुढे नेला. १० फेब्रुवारी १९८८ रोजी या मालिकेचा तिसरा भाग निघाला, तेव्हा दुकानांपुढे रात्रीपासून रांगा लागल्या. तो बुधवार होता; शाळा चुकवून आलेल्या कितीतरी मुलांना पोलिसांनी पकडले. पुढील भाग सुट्टीच्या दिवशी काढण्याची दक्षता कंपनीने घेतली. १९९० साली चौथा भाग आला त्या वेळी एका घाऊक व्यापाऱ्याने, हवा असलेला हा खेळ पाहिजे तर त्याबरोबर न खपलेले दुसरे खेळही उचला, असे दुकानदारांना सांगितले. जपानच्या न्याय्य व्यापार आयोगाने १९९२ साली हा व्यवहार बेकायदा ठरवला. चांगल्या शब्दाच्या गाडीला वाईट माल जोडणे हा त्या शब्दावरील दरोडाच होय, हे त्या निर्णयाचे मर्म म्हणता येईल.

आता या कथेतील सर्वांत आनंददायक प्रसंगाकडे वळतो. १९८३ साली सातोशी ताजिरी हा तरुण एक लहानशी पत्रिका काढू लागला. नाव ‘गेम फ्रीक’. हाताने लिहिलेली, छायाप्रती काढून टाचलेली. त्याने खेळघरांतून खेळावे, जे कळले ते लिहावे, आणि इतर खेळाडूंनी ते विकत घेऊन वाचावे. केन सुगिमोरी नावाच्या एका वाचकाला ती इतकी आवडली की तो तिचा चित्रकार झाला. दुसऱ्यांच्या खेळांची परीक्षणे करता करता या मंडळींना आपण स्वतः खेळ रचावा असे वाटू लागले, आणि पत्रिकेचेच नाव कंपनीला मिळाले. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यांचा ‘पोकेमॉन’ हा खेळ निघाला. त्याचे दोन भाग होते, लाल आणि हिरवा. एका भागात जे प्राणी मिळत ते सगळे दुसऱ्यात मिळत नसत; संग्रह पुरा करावयाचा तर दुसरा भाग असलेला मित्र शोधावा, दोन यंत्रे तारेने जोडावी आणि देवाणघेवाण करावी. शिफारस केल्यावाचून हा खेळ पुरा होऊच शकत नव्हता.

आणि हा खेळ कोणत्या यंत्रावर होता? १९८९ सालच्या गेम बॉयवर. सात वर्षांचे जुने, रंग नसलेले यंत्र. त्याच १९९६ च्या जूनमध्ये ज्याची सर्व जपान वाट पाहत होता ते निन्टेंडो ६४ हे नवे यंत्र आले. तरी मुलांच्या तोंडी जुन्या यंत्रावरचा खेळ होता. त्यात आणखी एक कुजबुज पसरली. यादीत नसलेला ‘म्यू’ नावाचा एक प्राणी या खेळात दडलेला आहे म्हणे. अफवा खरी होती. खेळ रचणाऱ्यांतील एकाने तो शेवटच्या घटकेला आत सोडला होता. एका मासिकाने वीस मुलांना तो देण्याची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर हजार अर्ज आले. निवृत्त होऊ घातलेल्या यंत्राला पुन्हा तारुण्य आले ते असे.

आपल्याकडे हे वारे पोहोचले ते आडवळणाने. १९९० च्या दशकात भारतीय घरांत जी यंत्रे आली ती बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. ‘मीडिया’ हे नाव त्या पिढीतील श्रोत्यांना आठवत असेल. खेळाच्या डबीला आपल्या मुलांनी ‘कॅसेट’ म्हटले, आणि योगायोग असा की जपानी मुलेही तिला कॅसेटच म्हणत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या पालिका बाजारात मिळणाऱ्या या कॅसेटींवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे, आणि प्रत्यक्षात तेच पाच-पन्नास खेळ नावे व आकडे बदलून पुनःपुन्हा येत. मासिक नाही, परीक्षक नाही, सल्लागार नाही. चाळीतल्या किंवा वसाहतीतल्या ज्या मुलाकडे ती कॅसेट आधी आली, त्याचा शब्द हाच काय तो आधार. एक कॅसेट देऊन दुसरी आणावयाची, आणि देताना ‘तिसऱ्या पायरीवर उडी मार’ एवढे सांगावयाचे. आप्तवाक्याचे शास्त्र त्या मुलांनी वाचले नव्हते. ते आचरणात मात्र होते.

आता दुसऱ्या शब्दाकडे, आशेच्या शब्दाकडे येतो. नव्या यंत्राची प्रतीक्षा ही एक मोठी शक्ती आहे. २१ नोव्हेंबर १९९० रोजी सुपर फॅमिकॉम निघाले, तेव्हा यंत्रे वाटेत लुटली जाऊ नयेत म्हणून ती रात्रीच्या अंधारात गुप्तपणे दुकानांकडे रवाना करण्यात आली, आणि पहिली तीन लाख यंत्रे काही तासांत संपली. पण हीच शक्ती उलटली तर काय होते, ते सेगा कंपनीच्या इतिहासात पाहावे.

१९९४ च्या अखेरीस सेगाने अमेरिकेत आपल्या जुन्या यंत्राला जोडावयाचे ‘३२ एक्स’ हे उपकरण विकले, आणि काही महिन्यांतच त्याला वाऱ्यावर सोडले. ११ मे १९९५ रोजी लॉस अँजेलिस येथील प्रदर्शनात तिने जाहीर केले की, सप्टेंबरात यावयाचे सॅटर्न हे यंत्र आजपासूनच, ३९९ डॉलरांना, निवडक दुकानांत मिळेल. ज्या दुकानदारांना वगळले ते संतापले; खेळ रचणाऱ्यांचे खेळ तयार नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. एवढ्या लहान भाषणाने एवढा मोठा परिणाम क्वचितच झाला असेल. सोनीचे प्लेस्टेशन जिंकले. सेगाचा तोटा केवळ पैशाचा नव्हता. ‘यांचे यंत्र घ्यावे आणि यांनी ते अर्ध्यावर सोडावे’ ही समजूत गिऱ्हाइकाच्या मनात रुतली.

१९९८ च्या नोव्हेंबरात सेगाने ड्रीमकास्ट हे यंत्र जपानमध्ये काढले. यंत्र उत्तम होते, खेळ त्याहून उत्तम. फॅमित्सूच्या चार परीक्षकांनी दुसऱ्यांदा चाळीसांपैकी चाळीस गुण दिले, ते १९९९ साली याच यंत्रावरील ‘सोलकॅलिबर’ या खेळाला. अनुभवाचा शब्द एकमुखाने सांगत होता की, खेळा. परंतु २ मार्च १९९९ रोजी सोनीने आपल्या आगामी यंत्राची झलक दाखवली. पडद्यावर पाण्यात तरंगणारे एक रबरी बदक दाखवले, काही चेहरे दाखवले, आणि हे यंत्र चित्रपटांच्या डीव्हीडीही वाजवील असे कळले. यंत्र बाजारात यावयास जपानमध्ये एक वर्ष आणि अमेरिकेत दीड वर्षाहून अधिक काळ होता. तरीही लोकांनी थांबावयाचे ठरवले. समोरच्या चाळीस गुणांपेक्षा दूरचे बदक त्यांना अधिक खरे वाटले.

लोक भुलले एवढेच म्हणून हा प्रसंग उरकता येणार नाही. सोनीने मागील यंत्र नीट सांभाळले होते, सेगाने सांभाळले नव्हते. आशेच्या शब्दालाही अखेर अनुभवाचेच तारण लागते, ही यातली खरी गोष्ट. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रे करण्याचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. तिचे वृद्ध अध्यक्ष इसाओ ओकावा त्या वेळी मृत्युशय्येवर होते. सुमारे ६९ कोटी डॉलरांची आपली खासगी मालमत्ता आणि येणे त्यांनी कंपनीला देऊन टाकले, आणि मार्चमध्ये देह ठेवला. ड्रीमकास्ट सुमारे नव्वद लाख खपले. प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेले. तथापि त्या नव्वद लाखांतील पुष्कळजण आजही आपल्या यंत्राचे नाव प्रेमाने काढतात आणि ते खेळ दुसऱ्याला खेळावयास सांगतात. यंत्र हरले, शब्द उरला.

प्रतीक्षेची ही रीत आजही सरलेली नाही. ५ जून २०२५ रोजी निन्टेंडोचे स्विच २ निघाले आणि चार दिवसांत पस्तीस लाख यंत्रे खपली. जपानमध्ये कंपनीच्या स्वतःच्या दुकानात मागणी इतकी की सोडत काढावी लागली. बावीस लाख लोकांनी नावे घातली. काळाबाजार करणाऱ्यांना वगळण्यासाठी कंपनीने घातलेली अट मोठी बोलकी होती. अर्जदाराने जुन्या यंत्रावर निदान पन्नास तास खेळलेले असले पाहिजे. आशेच्या रांगेत उभे राहावयाचे तर अनुभवाचा दाखला आणा, असाच त्याचा अर्थ झाला.

या सर्व वृत्तान्तातून वडीलधाऱ्यांनी काय घ्यावे? घरातला मुलगा किंवा मुलगी एखाद्या खेळासाठी किंवा नव्या यंत्रासाठी हट्ट धरील, तेव्हा ‘हे सगळे व्यर्थ आहे’ असे म्हणून संभाषण मिटवू नये. ‘तुला हे कोणी सांगितले? सांगणारा स्वतः खेळला आहे का? त्याला ते विकावयाचे तर नाही ना?’ हे तीन प्रश्न विचारावे. ते केवळ खेळाच्या दुकानात उपयोगी पडतात असे नाही. वर्तमानपत्र वाचताना, औषध घेताना, मत देताना हेच तीन प्रश्न कामाला येतात. आणि मूल जर म्हणाले की, हो, माझी मैत्रीण हा खेळ पुरा खेळली आहे, तिला तो आवडला आहे, आणि तिला त्यातून काही मिळावयाचे नाही, तर त्या मैत्रिणीच्या शब्दाला मान द्यावा. १९८२ साली एका बलाढ्य कंपनीने तो दिला नाही. तिचा माल न्यू मेक्सिकोच्या वाळूत सापडला.